चामखिळीवरचे उपाय आणि त्यांना मिळालेले श्रेय

चामखीळ जीवघेणी नसते, आणि म्हणूनच तिच्यावरचे उपाय मोजता येणार नाहीत इतके झाले आहेत. घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधावा, बिब्ब्याचे तेल टोचावे, पानाचा चुना लावावा, रुईचा चीक घालावा, होमिओपॅथीच्या थुजाच्या गोळ्या घ्याव्यात, असा सल्ला महाराष्ट्रात प्रत्येक घरात मिळतो आणि त्यासोबत 'आमच्या अमक्याची गेली' असा दाखलाही मिळतो. हे दाखले बहुधा खरेच असतात. प्रश्न एवढाच असतो, की चामखीळ गेली ती उपायाने की उपायाच्या सुमारास.

आधी एक घोळ निस्तरणे आवश्यक आहे, कारण औषधाच्या दुकानात तो रोज होतो. मान आणि काखेत देठावर लोंबणाऱ्या मऊ गाठींनाही आपण चामखीळच म्हणतो. त्यांचा विषाणूशी संबंध नसतो आणि त्या संसर्गजन्यही नसतात. उतारवयात पाठीवर किंवा चेहऱ्यावर उठणारे, चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी चट्टे हे तिसरेच प्रकरण असते. या लेखात विचार आहे तो ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे हातापायांवर होणाऱ्या खरखरीत चामखिळींचा. तळपायावरील चामखीळ तर सर्रास कुरूप, म्हणजे भोवरी, समजली जाते. पाय कोमट पाण्यात भिजवून वरची जाड कातडी ब्लेडने हलकेच तासली, तर कुरूपात मध्यभागी पारदर्शक, टणक खुंट दिसतो. चामखिळीत मात्र बारीक काळे ठिपके दिसतात आणि त्वचेवरच्या रेषा तिच्या कडेशी तुटलेल्या असतात. या ठिपक्यांना लोक 'मुळे' म्हणतात. प्रत्यक्षात त्या रक्त गोठलेल्या केशवाहिन्या असतात. चामखिळीला मूळ नसते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच वाढते.

सुश्रुतसंहितेत 'चर्मकील' येते ती अर्शाच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, निदानात. व्यानवायू कफाला सोबत घेऊन त्वचेवर खिळ्यासारखे स्थिर अंकुर निर्माण करतो, असे तेथे सांगितले आहे. क्षुद्ररोगांच्या, म्हणजे किरकोळ रोगांच्या, चिकित्सेत चर्मकील, मशक (मस) आणि तिलकालक (तीळ) यांना एकच मार्ग दिला आहे: शस्त्राने कापावे आणि उरलेला भाग क्षाराने किंवा अग्नीने पूर्ण जाळावा. हा क्षार करण्याची कृती त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात सविस्तर आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळावी, ते पाणी आटवावे आणि त्यात भाजलेली चुनखडी व शंख घालून ते तीव्र करावे, असा तिचा गाभा आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत ही दाहक पोटॅश बनवण्याची रीत होय. क्षार लावल्यानंतर आंबट द्रव्याने तो शांत करावा, ही सूचनाही तेथे आहे.

खेड्यापाड्यांत चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून चामखिळीवर ठेवण्याची जी पद्धत आहे, ती याच घराण्यातली आहे, कारण त्या मिश्रणात दाहक सोडा तयार होतो. म्हणजे उपाय निराधार नाही. निघून गेली आहे ती त्यातली शिस्त. मात्रा किती, किती वेळ ठेवायचे आणि कशाने थांबवायचे, हे सुश्रुताने सांगितलेले मधल्या काळात गळाले, आणि उरला तो चुना, सोडा व भाजलेली कातडी. बिब्ब्याचेही तेच. त्याच्या तेलातील फेनॉलवर्गीय द्रव्यांनी त्वचेवर तीव्र दाह होतो, फोड येतो आणि कधी तो चामखिळीपुरता न राहता सगळ्या हातावर उततो. धोबी कपड्यांवर खुणा करायला तेच तेल वापरत असत, यावरून त्याचा चिवटपणा लक्षात यावा.

चामखीळ न जाळता, नुसत्या तोडग्याने घालवण्याची परंपराही जगभर आहे, आणि तिची उत्तम नोंद करून ठेवली ती इंग्लंडचा तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याने. तो सोळा वर्षांचा असताना पॅरिसमध्ये राहत होता आणि महिनाभरात त्याच्या हातांवर शंभरएक चामखिळी उठल्या होत्या. तिथल्या इंग्रज राजदूताच्या पत्नीने कातडीसकट डुकराच्या चरबीचा तुकडा घेऊन तो सगळ्या चामखिळींवर चोळला आणि मग दक्षिणेकडच्या खिडकीच्या खांबावर, चरबीची बाजू उन्हाकडे करून, खिळ्याने ठोकला. पाच आठवड्यांत सर्व चामखिळी गेल्या, लहानपणापासून असलेली जुनी एकसुद्धा. निरीक्षण आणि प्रयोग यांचा कैवार घेणाऱ्या माणसाने हा अनुभव प्रांजळपणे लिहून ठेवावा, ही गंमत आहेच. पण उपाय न केलेल्या चामखिळींचे काय होते, याची तुलनाच हाताशी नसल्यावर त्यानेही दुसरे काय करायचे?

ती तुलना हाती यायला फार वेळ लागला. चामखीळ एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे योझेफ यादासोन याने १८९६ मध्ये टोचणीचे प्रयोग करून दाखवले. १९०७ मध्ये इटलीच्या ज्युसेप्पे चुफो याने चामखिळी वाटून तो अर्क जंतूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला, आणि त्या गाळलेल्या द्रवानेही चामखीळ उगवते हे सिद्ध केले. म्हणजे कारण जंतूहून लहान होते. १९४९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. पुढे याच कुळातील १६ आणि १८ क्रमांकांचे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडले गेले, आणि त्यासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. हातापायांवर राहणारे प्रकार वेगळे आणि निरुपद्रवी आहेत, त्यामुळे बोटावरच्या चामखिळीने कर्करोगाची धास्ती घेण्याचे कारण नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही लस २०२३ मध्ये बाजारात आली, तीही ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांसाठी आहे, हातावरच्या चामखिळीसाठी नव्हे.

बेकनच्या कोड्याचे उत्तर १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत सापडते. संस्थेत राहणाऱ्या सुमारे हजार मुलांवर दोन वर्षे लक्ष ठेवले असता, दोन तृतीयांश चामखिळी काहीही न करता नाहीशा झाल्या. विषाणू त्वचेच्या वरच्या थरात दडून राहतो आणि रक्तात उतरत नाही, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता उशिरा लागतो. एकदा लागला की अनेक चामखिळी एकदमच जातात. त्या आठवड्यात जो उपाय चालू असेल, तो यशस्वी ठरतो. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी एकोणिसाव्या शतकात चामखिळींसारख्या वाढींना एका मूलभूत दोषाशी जोडले आणि थुजा सुचवले, तेव्हापासून थुजाला हे श्रेय भरपूर मिळाले आहे. मात्र १९९२ मध्ये क्वेबेक येथे तळपायाच्या चामखिळींवर झालेल्या चाचणीत थुजासह दिलेली होमिओपॅथीची औषधे औषध नसलेल्या बनावट गोळ्यांपेक्षा सरस ठरली नाहीत.

मग उरते काय? जर्मनीत १८७४ पासून कारखान्यात बनू लागलेले सॅलिसिलिक आम्ल, आणि चामखीळ गोठवणारी थंडी. न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी १८९९ मध्ये द्रवरूप हवा वापरली आणि १९५० मध्ये ॲलिंग्टन यांनी कापसाच्या बोळ्याने द्रव नायट्रोजन लावला. नेदरलँड्समधील २५० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या चामखिळी तेरा आठवड्यांत नायट्रोजनने ४९ टक्के, सॅलिसिलिकने १५ टक्के आणि नुसते थांबून ८ टक्के रुग्णांत गेल्या. तळपायावर मात्र तिन्हींत ठळक फरक दिसला नाही. यांतले काहीच विषाणूला मारत नाही. बाधित कातडी नष्ट करायची आणि बाकीचे काम शरीरावर सोपवायचे, हे सुश्रुताचेच तत्त्व अजून चालू आहे.

आपल्याकडे उपाय कोणता मिळतो, हे पुष्कळदा साधनांवर ठरते. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन झाकलेल्या भांड्यातही उडून जातो. गावात त्याचे सिलिंडर असते ते पशुवैद्यकीय दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या वीर्यमात्रांसाठी. त्यामुळे तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा भूल देऊन विजेच्या सुईने चामखीळ जाळतात. त्या धुरातही विषाणूचे अंश सापडले आहेत, तेव्हा डॉक्टर मास्क लावतात तो केवळ वासासाठी नसतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून हे उपचार अल्प खर्चात होतात. घरी करायचे तर दुकानातील सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्लांचे मिश्रण पुरते, पण भिजवणे, तासणे, भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावून औषध नेमके टेकवणे, हे तीन महिने नेटाने करावे लागते, आणि बहुतेकांचा धीर तिसऱ्या आठवड्यात सुटतो. मधुमेह असलेल्यांनी पायावर, आणि कोणीही चेहऱ्यावर किंवा जननेंद्रियांवर, हे औषध स्वतःहून लावू नये. उतारवयात अचानक वाढणारी, रक्त येणारी किंवा रंग बदलणारी गाठ असेल, तर ती चामखीळ आहे असे गृहीत न धरता जाळण्यापूर्वी तिचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो.