शाळेत इंटरनेट वापरण्याची परवानगी: कोणाला, कशी आणि कोणत्या कागदांवर

सगळ्या शाळांना एकच छापील नियमावली लागू नसते. मुख्याध्यापक आणि संगणक शिक्षक मिळून मसुदा करतात आणि पालकांच्या समितीत त्यावर ठराव होतो. मसुदा मराठीत आणि दोन पानांच्या आत ठेवावा. दहा पानी इंग्रजी नियमावलीवर सह्या भरपूर मिळतात, पण ती वाचत कोणीच नाही.

स्वतंत्र लॉगिन साधारण पाचवीपासून द्यावे. त्याखालच्या वर्गांनी शिक्षक समोर असतानाच संगणकाला हात लावावा. १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचे गूगल खाते एकट्याने उघडता येत नाही, म्हणून मुले जन्मवर्ष खोटे टाकतात. पुढे खरे वर्ष टाकले की खाते अडकते आणि प्रकल्पाच्या फायलीही त्यातच राहतात.

पालकांनी द्यायचे कागद मोजके आहेत: संमतीपत्राच्या दोन प्रती (एक घरी, एक शाळेत), चालू असलेला मोबाइल नंबर आणि विद्यार्थ्याची सही. आधारची झेरॉक्स यासाठी लागत नाही, मागूही नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती ‘बालक’ आहे, त्यामुळे संमती आईवडिलांपैकी एकाची किंवा कायदेशीर पालकाची हवी. कोकणात गाडी अडते ती इथेच. वडील मुंबईला, मूल गुहागरला किंवा देवगडला आजीपाशी, आणि फॉर्मवर सही आजीची! अशा वेळी आईवडिलांपैकी एकाने सही करून फोटो पाठवावा आणि गणपतीला गावी आल्यावर मूळ प्रत शाळेत द्यावी. स्नेहसंमेलनाचे फोटो शाळेच्या पेजवर टाकण्यासाठी वेगळी सही घ्यावी. एकाच सहीत सगळे उरकले, तर फोटोला नकार देणाऱ्या पालकाच्या मुलाचे इंटरनेटही बंद होते.

सहीच्या आधी वर्गात दोन तासिका घ्याव्यात. ‘गैरवापर करू नये’ एवढ्याने मुलाला काही कळत नाही. प्रसंग द्यावेत: मैत्रिणीने पासवर्ड मागितला तर? सरांचा चोरून काढलेला फोटो ग्रुपवर आला तर? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क (66C) खाली गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे, हे आठवीच्या पुढच्या मुलांना स्पष्ट सांगावे. लहानांना कलमे सांगून घाबरवू नये.

मग लॉगिन. पासवर्ड मुलाने स्वतः टाकावा. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी दिसली की लगेच काढावी. ब्राउझर पासवर्ड जतन करू का विचारतो, तेव्हा नकार द्यायचा. एका संगणकावर तीन मुले बसतात आणि लॉगिन मात्र एकाचेच असते, त्यामुळे पुढे काही झाले तर नाव त्याचेच निघते. यावर वहीचाच उपाय: तारीख, संगणक क्रमांक, वेळ आणि तिघांचीही नावे.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. लाइट जाते, संगणक बंद पडतो, लाइट येईपर्यंत पुढचा वर्ग येऊन बसलेला असतो. ब्राउझर उघडताच ‘आधीची पाने परत आणू का?’ विचारतो, कोणीतरी ‘हो’ दाबते आणि आधीच्या मुलाचा मेल उघडा पडतो. म्हणून लाइट आल्यावर पहिले काम जुने खाते लॉगआउट करण्याचे. ते शिक्षकांनी करावे.

नियम मोडल्यास आधी तोंडी समज, मग पालकांना निरोप, मग ठरावीक दिवस लॉगिन बंद. हा क्रम संमतीपत्रातच छापावा. मुलाला कोणी ऑनलाइन त्रास देत असेल तर संदेश पुसू नये, पुढेही पाठवू नये. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

संमती दरवर्षी जूनमध्ये नव्याने घ्यावी. मूल दाखला काढत असेल तर आधी त्याच्या फायली पेनड्राइव्हवर द्याव्यात आणि खाते नंतर बंद करावे.