पूरधारण तलाव : साठा आणि विसर्ग यांचे गणित

पावसाचे वाहून येणारे पाणी थोडा वेळ अडवून ते बेताबेताने नाल्यात सोडणारा, एरवी कोरडा राहणारा तलाव म्हणजे पूरधारण तलाव. पाणी साठवून वापरणे हा त्याचा हेतू नसतो. पुराचा माथा, म्हणजे त्याचा सर्वांत मोठा प्रवाह, खाली आणणे हेच त्याचे काम. नाशिकला गंगापूर धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे. त्यामुळे धरणाखाली गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी (नंदिनी), वाघाडी, सरस्वती नाला यांच्या पाण्यावर त्याचा ताबा चालत नाही. दहीपूल, सराफ बाजार भागात शिरणारे पाणी अनेकदा शहरावरच पडलेले असते.

हिशेबाचा पाया साधा आहे : ठरावीक काळात जेवढी आवक झाली, त्यातून विसर्ग वजा केला की उरते ती साठ्यातली वाढ. समजा, १० हेक्टरांच्या माळावर ले-आउट पडला. पूर्वी पावसाचा ०.३ वाटा वाहून जाई. रस्ते, छपरे, पेव्हर ब्लॉक आल्यावर तो ०.७ झाला. ताशी ६० मिमी दराने अर्धा तास पाऊस कोसळला, तर आवकेचा माथा सेकंदाला ०.५ घनमीटरवरून १.१७ वर जातो. आवकेचा आलेख तासाभराचा त्रिकोण धरला आणि विसर्ग पूर्वीच्याच ०.५ वर रोखायचा ठरवला, तर साठा निघतो १,८०० सेकंद (तासाचा निम्मा काळ) × ०.६७ (आवक आणि विसर्ग यांच्या माथ्यांतला फरक), म्हणजे सुमारे १,२०० घनमीटर. दीड मीटर खोलीला ८०० चौरस मीटर, जवळपास आठ गुंठे जागा लागते. नाशिकच्या भावाने आठ गुंठे सोडणे बिल्डरला जड जाते हे खरे. पण ते पाणी कुठे तरी मावणारच, आणि तलाव नसेल तर खालच्या वस्तीत मावते.

हा झाला पहिला अंदाज. खरा विसर्ग ठरतो तो पाणी बाहेर सोडायला तळाशी ठेवलेल्या तोंडावर. त्यातून जाणारे पाणी तोंडावर साठलेल्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : पातळी चौपट झाली तर विसर्ग दुप्पट. वरच्या उदाहरणात तलाव भरलेला असताना ०.५ घनमीटर सोडायला सुमारे ४६ सेंमी व्यासाचे गोल तोंड पुरते. त्याहून मोठा पाऊस आला तर पाणी बांध फोडू नये म्हणून वर सांडवा हवाच.

प्रत्यक्ष आराखड्यात पाच-पाच मिनिटांचे टप्पे पाडतात. प्रत्येक टप्प्यात आवक, साठा आणि पातळी यांचा मेळ घालून विसर्ग काढतात व तोच आकडा पुढच्या टप्प्यात नेतात. आवक उतरणीला लागून विसर्गाइतकी झाली की त्या क्षणी तलाव सर्वाधिक भरलेला असतो. विसर्गाचा माथाही तिथेच येतो, आवकेच्या माथ्यानंतर.

नाशिकमध्ये ही उशिराची बाब फार जपून तपासायला हवी. गंगापूरमधून विसर्ग वाढवल्यावर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (याच मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी जोखतात) कमरेला, छातीला पाणी लागते, तेव्हा नाल्यांच्या मुखाशीही गोदावरी चढलेली असते. नदीचा फुगवटा तलावाच्या तोंडापर्यंत आला, तर विसर्ग आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकावर ठरतो. फरक मिटला की तलाव रिकामा होणे थांबते आणि पुढच्या सरीला जागा उरत नाही. म्हणून काठाजवळच्या तलावाचे गणित नदी कोरडी धरून करणे चूक आहे. पूरपातळी धरून ते पुन्हा करावे लागते. तोंडावरची जाळी प्लास्टिकने अर्धी बुजली, तर तोही हिशेब वेगळा मांडावा लागतो.