ड्युरियनला गॅसचा वास का येतो
मागच्या रविवारी क्रॉफर्ड मार्केटमधून ड्युरियनचे, म्हणजे आग्नेय आशियातल्या त्या उग्र वासाच्या काटेरी फळाचे, गरे आणले, फ्रोझन, डब्यात घट्ट पॅक केलेले. सिंगापूरच्या मेट्रोत वासामुळे हे फळ न्यायला मनाई आहे, मी लोकलने दादरपर्यंत आणलं तरी कुणाला पत्ता लागला नाही, कारण वासाचे रेणू उडून नाकापर्यंत यायला ऊब लागते आणि गोठलेल्या गरातून ते फारसे सुटतच नाहीत. घरी डबा उघडून ओट्यावर ठेवला, तासाभराने आई आतून ओरडली, "अगं, गॅस चालू राहिलाय का बघ!" मी उठेपर्यंत तिनेच येऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या.

आणि आईचं नाक अजिबात चुकलं नव्हतं! सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, लीक कळावं म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग घालतात आणि नेमकं तेच ड्युरियनच्या गरातही असतं. असल्या गंधकवाल्या रेणूंच्या बाबतीत आपलं नाक भलतंच तिखट, हवेच्या अब्जावधी रेणूंमध्ये मोजके असले तरी कळतात. (म्हणून घरात ड्युरियन असलं तरी गॅसचा वास आला की रेग्युलेटर बघायचाच, फळाचाच असेल म्हणून सोडायचं नाही.)

ड्युरियनमध्ये वासाची संयुगं डझनांनी आहेत, पण २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातली दोनच एकत्र केली तरी या फळाचा वास ओळखू येतो, एक फळासारखं गोड आणि दुसरं भाजलेल्या कांद्यासारखं. त्याच वर्षी सिंगापूरच्या टीमने ड्युरियनच्या मुसांग किंग जातीचा सगळा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, वाचला. गंधकाची संयुगं बनवायला लागणाऱ्या एका जीनच्या त्यात जादा प्रती सापडल्या आणि फळ पिकताना तो जीन जोरात काम करतो. एवढा खटाटोप कशाला, तर दाट जंगलात हत्ती, ओरांगउटान यांना लांबून कळावं, त्यांनी फळ खावं आणि बिया दूर जाऊन पडाव्यात.

आता चव. पहिला घास मी मुद्दाम नाक दाबून खाल्ला. जिभेला फक्त गोड आणि लोण्यासारखं मऊ लागलं, घट्ट बासुंदी खाल्ल्यासारखं, बाकी काही नाही. मग घास तोंडात असतानाच नाक सोडलं आणि एकदम सगळं आलं, तुपात परतलेला कांदा, केळं, थोडं कॅरमल. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि मेंदू त्यालाच चव समजतो, म्हणून जो वास खोलीत नकोसा होता तोच तोंडात गोडाबरोबर चक्क आवडला. तुम्ही खाल्लंत तर हे नक्की करून बघा, आंब्यावरही जमतं.

आई आधी तयारच नव्हती, मग अर्धा गरा खाऊन म्हणाली, "बरक्या फणसाची बहीण दिसतेय." दिसायला आहेच तशी, काटेही आहेत, नावसुद्धा मलय भाषेतल्या दुरी म्हणजे काटा या शब्दावरून पडलंय. पण फणस वड-पिंपळाच्या कुळातला आणि ड्युरियन कापूस, काटेसावर आणि भेंडीच्या कुळातलं. भेंडीचं ऐकून आईने उरलेला अर्धा गरा उचलला, नीट निरखून बघितला आणि खाल्ला.