इझाबेल अजानी (सुरुवातीची कारकीर्द)

इझाबेल अजानी ही फ्रेंच नाटक-सिनेमातली अभिनेत्री, जन्म २७ जून १९५५, पॅरिस. वडील अल्जीरियातल्या काबिल या बर्बर जमातीचे, आई जर्मन, आणि लहानपण गेलं पॅरिसला लागून असलेल्या जेनविलिए या कामगारांच्या गावात. चौदाव्या वर्षी पहिला सिनेमा मिळाला, पण खरं नाव झालं ते रंगभूमीवर.

१९७२ मध्ये, सतराव्या वर्षी, ती कोमेदी-फ्रांसेजमध्ये दाखल झाली. ही १६८० पासून चालत आलेली सरकारी नाटक मंडळी, लोक तिला सतराव्या शतकातला नाटककार मोलिएर याचं घरच म्हणतात. इथे नटाला आधी पगारावर घेतात, पुढे जमलं तर मंडळीचा हिस्सेदार करतात, म्हणजे मग बऱ्याच वर्षांची सोय. तिथे तिने मोलिएरच्या ‘बायकांची शाळा’मधली आन्येस केली. आर्नोल्फ या पोरीला मुद्दाम अडाणी ठेवून वाढवतो, का तर अशी बायको डोईजड होणार नाही. तो परत येऊन विचारतो काय नवीन, आणि ती सांगते, मांजरीचं पिल्लू मेलं. एवढंच वाक्य, पण ते भोळेपणाने म्हणायचं की आतून सगळं कळत असल्यासारखं, यात नटीचा कस लागतो. नंतर फ्रेंच नाटककार जिरोदूच्या नाटकात ती जलपरी ओंदीन झाली.

१९७४ च्या ‘थप्पड’ सिनेमात लिनो व्हेंतुरा बाप आणि ही घर सोडू बघणारी लेक. हलकाफुलका सिनेमा, चालला जोरात, आणि तो बघून दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोने तिला ‘अदेल एच.ची कहाणी’साठी घेतलं. त्यासाठी तिने मंडळी सोडली. विशीच्या आत अशी नोकरी सोडायची म्हणजे धाडसच, घरचे काय म्हणाले असतील कुणास ठाऊक. अदेल ही फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोची मुलगी, एका लेफ्टनंटच्या मागे वेडी होऊन समुद्रापार गेलेली. खरी अदेल तेव्हा तिशी ओलांडलेली, अजानी जेमतेम एकोणीस, तरी ते कुठेच खटकत नाही. शेवटी बार्बाडोसच्या रस्त्यात तोच माणूस समोर येतो, आणि फाटक्या झग्यातली ही त्याच्याकडे न बघता सरळ पुढे निघून जाते, ओळखतच नाही! या भूमिकेला ऑस्करचं नामांकन मिळालं, विसाव्या वर्षी, आणि मुख्य अभिनेत्रीच्या गटात इतक्या लहान वयाचं नामांकन तोवर कुणालाच मिळालं नव्हतं, तो विक्रम २००३ सालच्या सिनेमांपर्यंत टिकला.

पुढे पोलान्स्की, हेर्झोग वगैरे दिग्दर्शकांचे सिनेमे. १९८१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार एकदम दोन सिनेमांसाठी मिळाला. एक ‘पझेशन’, ज्यात ती बर्लिनच्या मेट्रोच्या बोगद्यात सामानाची पिशवी भिंतीवर आपटते, दूध सगळीकडे सांडतं आणि ती किंचाळत लोळते, बघवत नाही. दुसरा ‘क्वार्टेट’, जेम्स आयव्हरीचा, आणि त्याचा निर्माता आपला मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट.