नेपाळची वीज बांगलादेशात: ४० मेगावॉटमागची पार्श्वभूमी

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतमार्गे बांगलादेशला गेली. आकडा तसा किरकोळच. सिलिगुडीजवळ या दोन देशांच्या मध्ये भारताची जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. वीज मात्र नेपाळमधलं ढल्केबर, भारतातली मुजफ्फरपूर आणि बहरामपूर, बांगलादेशातलं भेडामारा असा लांबचा वळसा घेऊन पोहोचली, कारण तारा तिथेच होत्या. आणि त्या तारा ओढल्या गेल्या होत्या वेगळ्याच कामासाठी.

नेपाळला नद्यांची वाण नाही, तरी २००८-०९च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला सोळा-सोळा तास भारनियमन होतं. ढल्केबर-मुजफ्फरपूर वाहिनी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली ती भारताची ८० मेगावॉट वीज नेपाळला पुरवायला! बांधणी ४०० केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब), पण सुरुवातीला चालवली १३२ केव्हीवर.

भेडामाऱ्याचं प्रकरण निराळं. भारताचं आणि बांगलादेशचं ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) दोन्ही ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांवर चालतात, पण एका तालात नाहीत, त्यामुळे थेट जोडता येत नाहीत. म्हणून ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथे ५०० मेगावॉटचं एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेचं) केंद्र सुरू झालं. भारताकडून आलेल्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) विजेची तिथल्या तिथे डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करायची आणि पुन्हा एसी करून पुढे सोडायची. १ नोव्हेंबर २०१४ला हे केंद्र ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, साडेचारशेच्या आसपास मेगावॉट एकदम गेले आणि अख्खा बांगलादेश अंधारात बुडाला. एका जोडावर किती भिस्त होती, ते त्या दिवशी कळलं.

तारा जोडल्या, तरी कागद अडले. सीमेपलीकडच्या वीजव्यापारासाठीच्या भारताच्या डिसेंबर २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत सरकारी किंवा बहुसंख्य भारतीय मालकीच्या प्रकल्पांना झुकतं माप होतं. नेपाळ-भूतान नाराज झाले, ते रास्तच होतं. २०१८च्या सुधारणेत तिसऱ्या देशाला वीज विकण्याची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ भारतीय वीजबाजारात विक्री करू लागला, अवघ्या ३९ मेगावॉटपासून. चिनी गुंतवणूक किंवा कंत्राटदार असलेल्या प्रकल्पांची वीज मात्र भारत घेत नाही.

बांगलादेशशी करार झाला ३ ऑक्टोबर २०२४ला, विक्री फक्त १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळापुरती. पहिल्या वर्षी त्यातला शेवटचा दिवसच तेवढा हाती लागला. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे. हिवाळ्यात नद्या आटतात आणि नेपाळच भारताकडून वीज विकत घेतो.