डेड फोन आणि ‘सॉफ्टवेअर मारणे’: एका कारखानी अवजाराची पार्श्वभूमी

क्रॉफर्ड मार्केटजवळचे मनीष मार्केट असो किंवा लॅमिंग्टन रोड (पालिकेच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), लोगोवर अडकलेला किंवा चार्जरलाही दाद न देणारा स्वस्त स्मार्टफोन पुढे केला की कारागीर बहुधा ‘सॉफ्टवेअर मारावे लागेल’, म्हणजे फोनचे सॉफ्टवेअर नव्याने लिहावे लागेल, एवढेच सांगतो. त्यासाठी तो जी अवजारे वापरतो, ती मुळात दुरुस्तीसाठी बनलेलीच नव्हती.

कारखान्यात नुकत्याच जुळलेल्या फोनची मेमरी कोरी असते. तिच्यात पहिली अक्षरे उमटवायची तर फोनमध्ये आधीपासून चालणारे काहीतरी हवे, म्हणून प्रोसेसरच्या आतच एक छोटा, पुसता न येणारा प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो. तोच बूट रॉम. मेमरीत पुढचा धड प्रोग्राम सापडला नाही, की तो यूएसबीवर संगणकाची वाट पाहतो. मीडियाटेक या कंपनीच्या चिपमध्ये संगणक मग ‘डाउनलोड एजंट’ हा छोटा प्रोग्राम आत पाठवतो, तो रॅम सुरू करतो आणि ‘स्कॅटर’ फाइलीत दिलेल्या पत्त्यांबरहुकूम एकेक विभाग लिहीत जातो. एसपी फ्लॅश टूल हे या कामाचे सर्वपरिचित साधन. क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये हीच सोय ‘इमर्जन्सी डाउनलोड’ म्हणून असते आणि संगणकावर ९००८ या आकड्याच्या पोर्टने ओळखू येते, तर स्प्रेडट्रम चिपवाल्यांचे सगळे एका ‘पॅक’ फाइलीत सामावते. कोरा फोन आणि बिघडलेला फोन यांत बूट रॉमला फरक कळत नाही, म्हणून कारखान्याची वाट दुकानदारालाही चालते.

नोकियाच्या काळात यासाठी वेगळे बॉक्स, डोंगल आणि मॉडेलनिहाय केबली लागत. मीडियाटेकने चिपबरोबर जवळजवळ तयार आराखडाच द्यायला सुरुवात केल्यावर चित्र पालटले. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आलेले अँड्रॉइड वन या गूगलच्या स्वस्त फोन योजनेचे पहिले तिन्ही फोन, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे, एकाच एमटी६५८२ चिपवर चालत. ब्रँड तीन, पण आतला कारभार एक, त्यामुळे एका टूलवर हात बसलेल्या कारागिराला तिन्ही फोन ओळखीचे.

या सोयीला एक खोट होती. घाईत ‘फॉरमॅट ऑल’ निवडले की एनव्हीरॅम हा मेमरीचा भागही पुसला जातो, आणि फोनची ओळख सांगणारा आयएमईआय क्रमांक त्यातच असतो. हा क्रमांक भारतात तोवर कळीचा झाला होता: आयएमईआय नसलेल्या हँडसेटची सेवा ३० नोव्हेंबर २००९ नंतर बंद करण्याचे आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिले होते, आणि पुढे २०१७ च्या नियमांनी या क्रमांकात फेरफार करणे गुन्हा ठरवले. फोनचा स्वतःचाच क्रमांक परत लिहिणारा आणि चोरीच्या फोनला नवी ओळख देणारा, दोघांची अवजारे दिसायला सारखीच. प्रामाणिक कारागिरावर येणारा संशय मला अन्यायाचा वाटतो, पण तो निराधार म्हणता येत नाही.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन (पुसलेला फोनही जुन्या मालकाचे गूगल खाते मागतो, अशी सोय) आले, आणि चोराला फोन पुसून विकणे अवघड झाले. मग खालची, म्हणजे बूट रॉमची, वाटही बंद होऊ लागली. मीडियाटेकच्या अनेक फोनांत अधिकृत डिजिटल सहीशिवाय डाउनलोड एजंट स्वीकारला जाईना, तर शाओमीच्या फोनांना इमर्जन्सी डाउनलोडसाठी अधिकृत खाते लागू लागले. सर्व्हिस सेंटरला त्याचा त्रास नव्हता, गल्लीतल्या दुकानाला होता. तेवढ्यात मीडियाटेकच्या बूट रॉममधल्याच चुका संशोधकांच्या हाती लागल्या. जो प्रोग्राम पुसता येत नाही, त्यातली चूकही विकलेल्या चिपमध्ये दुरुस्त करता येत नाही, आणि त्या आधारावर एमटीकेक्लायंटसारखी खुली साधने उभी राहिली. त्या पिढीचे फोन आजही सहीविना जिवंत करता येतात. चुका सुधारलेल्या नव्या चिपच्या फोनांना मात्र पुन्हा अधिकृत परवानगीच मागावी लागते.