दुहेरी थ्रेशोल्ड सराव

मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंची ही सरावपद्धत नॉर्वेत आकाराला आली. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, रक्तातले लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) मोजत, ठरवलेल्या आकड्याच्या खाली राहून तुकड्यातुकड्यांनी धावायचे आणि आठवड्यातले दोन दिवस असे ठेवायचे, ही तिची थोडक्यात व्याख्या. ज्या वेगापलीकडे रक्तातले लॅक्टेट चढतच जाते ती सीमा म्हणजे थ्रेशोल्ड. ‘नॉर्वेजियन पद्धत’ म्हणून तिचा गाजावाजा झाला तो नॉर्वेचा धावपटू याकोब इंगेब्रिग्टसेन (जन्म १९ सप्टेंबर २०००) याच्यामुळे. पाया मात्र मारियुस बाक्कन याने घातला. हा पेशाने डॉक्टर. २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेला. ५००० मीटरमध्ये १३:०६.३९ (२००४) ही त्याची सर्वोत्तम वेळ. स्वतःच्या रक्ताच्या हजारो चाचण्या घेऊन त्याने ताडले, की पुस्तकात सांगितलेल्या ४ मिलिमोल प्रतिलिटर या सीमेवर घासत राहण्यापेक्षा २ ते ३ च्या आसपास राहिले तर सराव जास्त करता येतो आणि तो अंगीही लागतो. याकोबचे वडील व २०२२ पर्यंतचे प्रशिक्षक येर्ट यांनी हा धागा उचलला आणि हेन्रिक, फिलिप व याकोब या तीन मुलांवर तो वर्षानुवर्षे राबवला.

लॅक्टेटमुळे पाय दुखतात हा जुना गैरसमज आहे. स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतात. इथे त्याचा उपयोग फक्त काट्यासारखा: तयार होणारे आणि वापरले जाणारे लॅक्टेट जोवर बरोबरीत आहे तोवर आकडा स्थिर राहतो, वेग थोडा जास्त झाला की तो चढत जातो. सलग ४० मिनिटे धावण्याऐवजी तुकडे पाडून मध्ये अर्धा-एक मिनिट थांबले, की तोच आकडा राखून जास्त वेगाने धावता येते. पाय शर्यतीच्या चालीच्या जवळ राहतात आणि शरीर मोडत नाही.

आठवड्याचा साचा साधारण असा असतो. मंगळवारी व गुरुवारी सकाळी ६ मिनिटांचे ५ तुकडे किंवा २००० मीटरचे ५, मध्ये एक मिनिट विश्रांती, लॅक्टेट २ ते २.५. संध्याकाळी १००० मीटरचे १०, मध्ये एक मिनिट. किंवा ४०० मीटरचे २० ते २५, मध्ये ३० सेकंद. संध्याकाळी आकडा ३ ते ३.५ पर्यंत चालतो. शनिवारी चढावर २०० मीटरचे २० तुकडे. आठवड्यात लॅक्टेटला मोकळीक मिळते ती याच दिवशी. रविवारी लांब धाव, बाकी सारे संथ. एकूण १६० ते १८० किलोमीटर. दोन कठीण सत्रे एकाच दिवशी घालण्यामागचा हिशेब व्यवहारी आहे: त्यामुळे मधले दिवस खरोखर हलके राहतात.

मोजणीत चुका फार होतात. तुकडा संपताच कानाची पाळी किंवा बोट पुसून कोरडे करायचे, टोचायचे, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा थेंब पट्टीला लावायचा. घामात लॅक्टेट भरपूर असते. त्याचा अंश जरी मिसळला तरी आकडा फुगतो आणि धावपटू विनाकारण वेग कमी करतो. उलटी चूक अधिक घातक. आदल्या दिवसांच्या श्रमाने किंवा कमी खाण्याने स्नायूंतला ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, आटलेला असेल तर आकडा खोटा खाली येतो. ‘आज पाय छान आहेत’ म्हणून वेग वाढवला, की पुढचे दोन दिवस पाय जड. म्हणून अनुभवी प्रशिक्षक एकटा आकडा पाहत नाहीत; हृदयाचे ठोके, वेग आणि चेहरा यांच्याशी तो ताडून पाहतात. नॉर्वेत ट्रेडमिलचा वापर जास्त होतो त्यामागे बर्फ आहेच, शिवाय वेग पक्का राहिल्याने मोजणीही सोपी होते.

याकोबची कारकीर्द या पद्धतीची जाहिरातच ठरली. १६ व्या वर्षी, २०१७ मध्ये अमेरिकेतील युजीन येथे, त्याने मैल ३:५८.०७ मध्ये धावला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत लागोपाठच्या दोन दिवशी १५०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदके मिळवली. टोकियो ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्ण ३:२८.३२ या ऑलिंपिक विक्रमासह. २०२४ मध्ये पॅरिसला ५००० चे सुवर्ण, त्याच महिन्यात पोलंडमध्ये ३००० मीटरचा ७:१७.५५ हा विश्वविक्रम. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्समधील लिएव्हँ येथे इनडोअर मैल ३:४५.१४, हाही विश्वविक्रमच.

त्याचे पराभवही पाहण्यासारखे आहेत. २०२२ आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धांत १५०० मीटरमध्ये अनुक्रमे जेक वाइटमन आणि जॉश कर यांनी त्याला अखेरच्या टप्प्यात मागे टाकले. दोन्ही वेळा ५००० चे सुवर्ण त्याचेच. पॅरिसला १५०० च्या अंतिम शर्यतीत त्याने ट्रॅकची पहिली फेरी ५५ सेकंदांच्या आत काढून आघाडी धरली आणि शेवटच्या सरळ रेषेत तिघे पुढे गेले, ३:२८.२४ ही टोकियोहून सरस वेळ असूनही तो चौथा. उंच सरासरी वेग ही या सरावाची देणगी. शेवटच्या १०० मीटरची झेप हा निराळा गुण, आणि पुढे राहून वेग ठरवणारा आपल्या मागच्यांना हवेपासून आडोसा देत असतो, हेही विसरता येत नाही. २०२५ मध्ये टाचेच्या वरच्या कंडरेच्या, म्हणजे अकिलीसच्या, दुखापतीने त्याचा मोसम खाल्ला आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो १५०० च्या प्राथमिक फेरीतच बाद झाला.

हौशी धावपटूंनी हा साचा जसाच्या तसा उचलणे धोक्याचे. आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्याला दिवसातून दोनदा थ्रेशोल्ड झेपत नाही. पोटऱ्या आणि नडगी आधी बोलू लागतात. त्यांच्यासाठी एकेरी रूप रूढ झाले आहे: एक दिवसाआड तीन सत्रे, त्यांत ३ मिनिटांचे १०, ६ मिनिटांचे ५ किंवा १० मिनिटांचे ३ तुकडे, मध्ये एक मिनिट. लॅक्टेट मोजण्याचे यंत्र नसेल तर वेग असा धरायचा की तुकडा संपल्यावर एक पूर्ण वाक्य धाप न लागता बोलता यावे, आणि शेवटचा तुकडा पहिल्याहून वेगवान करायचा मोह टाळायचा.